मागच्या तासाचा आकडा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, चौथ्या मजल्यावर,
रात्री पावणेबाराला
मी एक चालती प्रोसेस थांबवली.
खेळताना मुलं स्टॅच्यू म्हणतात, तशी:
एक पाय हवेत, बेरीज अर्धी.

डीबगर विचारतो, हातात काय आहे तुझ्या?
थांबलेल्याला बोलता येत नाही.
त्याच्या वतीने कर्नल सांगतं
आणि कर्नलमधली ती चाळीसेक ओळींची जागा
सध्या माझ्या नावावर आहे.

साधी रजिस्टरं सोपी.
उंबरठ्यावर चपला काढाव्यात
तशी आत येताना स्टॅकवर निघालेली असतात,
ठरलेल्या क्रमाने. मोजून दिली की झालं.
रुंद रजिस्टरं आळशी.
कुणी मागेपर्यंत प्रोसेसरमध्येच लोळतात,
आणि मेमरीत त्यांच्या नावाने पडलेली असते
मागच्या वेळची नक्कल.

टेस्टिंगमधली ऋजुता वैती तीन दिवस तेच म्हणतेय:
मी सात ठेवले, तुझं कर्नल चार सांगतं.
नेहमी?
नाही. कधीकधी.
कधीकधी हा शब्द आमच्या धंद्यात
भाड्याच्या घरातल्या ओलीसारखा.
मालकाला दाखवायला न्यावं, भिंत कोरडी.

माझे बाबा, बाळाराम मढवी,
ठाणे-बेलापूर रस्त्यावर रंगांच्या एका कारखान्यात
बॉयलरवर होते.
रजिस्टर त्यांच्याकडेही होतं,
लाल कापडी पाठीचं, कोपरे तेलकट.
दर तासाला दाब, तापमान, पाण्याची पातळी, सही.
पहाटे तीनचा आकडा
पुष्कळदा दोनचाच असायचा.
लोखंडी जिना चढून मीटरपर्यंत कोण जाणार?
वरची ओळ बघायची, खाली उतरवायची.
"खोटा नव्हता गो," म्हणतात अजून, "शिला व्हता."

एका रात्री तीनच्या ओळीत दोनचा दाब लिहून झाला
आणि वर सेफ्टी व्हॉल्व्ह ओरडला.
कुणाला काही झालं नाही.
सकाळी साहेबांनी रजिस्टर उघडलं,
त्यात सगळं सुरळीत.
बाबांना मेमोपेक्षा
त्या सुरळीत ओळीची लाज वाटली.

माझी दुरुस्ती दोन ओळींची निघाली.
उत्तर देण्याआधी जिना चढ.
प्रोसेसरमधलं जिवंत ते आधी खाली आण,
मग नक्कल कर, मग दे.
शिवाय देण्याचा डबा आधी शून्याने पुसून घे,
नाहीतर आकड्यांच्या फटींतून
तिसऱ्याच कुणाचं जुनं काहीतरी दिसत राहतं.

डीबगर नुसता विचारत नाही, बदलतोही.
साताचे नऊ कर म्हणाला, करते.
पुढचं पाऊल कुठे टाकायचं, तेही ठरव म्हणते.
पण ज्या दोन-चार बिटांनी
पाहुण्याचा घरमालक होतो
तिथे मास्क आहे.
लिही हवं ते, उमटणार नाही.

सव्वादोनला ऋजुताचा मेसेज:
हजार वेळा चालवलं. सात. सगळे सात.
पुढे काही नाही, शाबासकीही नाही.
मी थांबलेली प्रोसेस सोडली.
पाय जमिनीला टेकला, बेरीज पुरी झाली,
मधे कुणी झडती घेऊन गेलं
हे तिला कळलंही नाही.

घणसोलीला घरी आले तर बाबा जागे.
दिवा न लावताच विचारलं, किती वाजले?
सव्वादोन, जिभेवर आलं होतं.
ते ऑफिसातलं होतं.
पर्समध्ये चाचपून फोन काढला,
पाहिलं,
मग सांगितलं.